महापूर आणि शेजारधर्म

कोल्हापूर शहराजवळ प्रयाग चिखली नावाचे एक गाव आहे. सह्याद्रीच्या कुशीत उगम पावलेल्या कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती ह्या चार नद्यांचे पाणी येथवर येऊन एक होते. पाचवी सरस्वती गुप्तरूपाने ह्या संगमास मिळते, अशी लोकांची श्रद्धा आहे. पाच प्रवाहांची म्हणून ही नदी पंचगंगा. पुढे ती कोल्हापूर शहराला वळसा घालून पूर्वेकडे वाहत जाते आणि शिरोळ तालुक्यात नरसोबाच्या वाडीपाशी कृष्णेला मिळते. ह्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन, डोलणारे उसाचे फड, गुऱ्हाळांतून दरवळणारा गुळाचा वास, हे सारे ह्या नदीचेच देणे होय.

परंतु जी माता दूध पाजते, तीच कधी रागावतेही. पावसाळ्यात गगनबावडा आणि राधानगरी ह्या घाटमाथ्याच्या भागांत दिवसच्या दिवस धो धो पाऊस कोसळतो. ते सारे पाणी थोड्याच अवधीत उताराने सखल भागात येते. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर ज्या धरणाची उभारणी आरंभिली, त्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि नदीत आणखी पाणी येते. इकडे कोल्हापूरच्या पूर्वेस जमिनीचा उतार मंद असल्यामुळे पाण्याचा वेग मंदावतो. तिकडे कृष्णा ही कोयना आणि वारणा ह्या दोन मोठ्या नद्यांचे पाणी पोटात घेऊन फुगलेली असते. भरल्या रस्त्यावर आडवाटेची गाडी जशी अडून राहते, तसे पंचगंगेचे पाणी संगमापाशी तुंबते आणि मागे मागे पसरू लागते. गावकरी ह्यालाच 'फूग' म्हणतात. नदी पात्र सोडून शेतात, शेतातून वस्तीत आणि वस्तीतून घरात शिरते ती अशी.

नदीच्या ह्या वाढत्या पाण्यावर कोल्हापूरकरांची नजर असते. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची उंची मोजतात. ती ३९ फुटांवर गेली म्हणजे इशारा समजावयाचा आणि ४३ फुटांवर गेली म्हणजे धोका समजावयाचा, असे ठरलेले आहे. जुन्या पिढीतील लोकांची खूण निराळी होती. शिवाजी पुलाच्या कमानींवर पाणी ठरावीक खुणेपर्यंत चढले की 'मच्छिंद्री झाली' असे ते म्हणत आणि नदीकाठच्या पेठांतील लोक सामान माळ्यावर चढवू लागत.

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र साऱ्या खुणा बुडाल्या. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. इशाऱ्याच्या पातळीहून ते सोळा फूट वर होते, म्हणजे दोन पुरुष उंचीपेक्षाही अधिक. जिल्ह्यातील दोनशेहून अधिक गावांना ह्या पाण्याचा तडाखा बसला. दोन लाखांहून अधिक माणसांना आपली घरे सोडून दुसरीकडे आसरा घ्यावा लागला. पुणे-बंगळूर हा हमरस्ता शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. त्यावर मालमोटारींच्या रांगा लागल्या. शहरात पेट्रोल मिळेना, भाजी मिळेना, दुधाचे संकलन थांबले. आणि नवल असे की, चोहीकडे पाणीच पाणी असताना प्यावयास पाणी नव्हते. कारण नदीचे पाणी उपसून शहराला पुरविणारी यंत्रेच बुडाली होती. शेजारच्या सांगली जिल्ह्यातही असाच हाहाकार उडाला होता. ब्रह्मनाळ ह्या गावी ८ ऑगस्ट रोजी लोकांना पुरातून बाहेर काढणारी नाव उलटून अनेक जीव गेले. त्यांत स्त्रिया होत्या, मुलेही होती.

अशा वेळी सरकारी यंत्रणा धावून आली. भूदल, नौदल, तटरक्षक दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल ह्यांचे जवान नावा घेऊन गावोगाव गेले. छपरांवर, माळ्यांवर अडकलेल्यांना त्यांनी खाली उतरविले. ह्या जवानांचे उपकार फेडता न येण्यासारखे आहेत. पण मुलांनो, थोडा विचार करा. नावेतून उतरलेल्या माणसाचे पुढे काय? त्याच्या अंगावरचे कपडे भिजलेले, हाताशी एक गाठोडे, कडेवर मूल, घरातल्या गुरांची चिंता मनात. त्याला त्याच घटकेस कोरडी जमीन हवी, डोक्यावर छप्पर हवे, गरम अन्नाचा घास हवा आणि 'भिऊ नको, आम्ही आहोत' असे म्हणणारे माणूस हवे. हे सारे त्याला कोणी दिले? शाळांनी दिले, साखर कारखान्यांनी दिले, मंगल कार्यालयांनी दिले. त्यांच्याच बरोबरीने मठांनी, मंदिरांनी, मशिदींनी आणि निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांनीही दिले. ह्या शेवटच्यांची हकीकत आपण आज पाहावयाची आहे.

कोल्हापूर शहरातील दसरा चौक पुष्कळांना ठाऊक असेल. चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. त्याच्या आसपास जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग आणि चित्रदुर्ग मठ अशा वास्तू उभ्या आहेत. ह्या चौकापासून जवळच सुतारवाडा नावाची वस्ती आहे. ती सखल जागी, जयंती नाल्याच्या काठी वसलेली आहे. पंचगंगेला फूग आली की नाल्याचे पाणी पुढे सरकेनासे होते आणि प्रथम सुतारवाड्यात शिरते. तेथील कुटुंबांनी पावसाळ्यात घर सोडण्याचा प्रसंग जवळजवळ ठरलेलाच. अशा वेळी त्यांचा मुक्काम पडतो तो चित्रदुर्ग मठात. हा मठ लिंगायत परंपरेतील आहे. पण दाराशी आलेल्याला 'तू कोणत्या पंथाचा?' असे तेथे कोणी विचारीत नाही. सन २०१९ च्या महापुरात मुस्लिम बोर्डिंगचीही दारे अशीच उघडली आणि पुरातून आलेल्या लोकांना तेथे आसरा मिळाला. निवाऱ्याला आलेल्यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते. पंगतीत शेजारी कोण बसला आहे, हे पाहण्याइतके त्राण कोणाच्या अंगात उरले नव्हते आणि तशी इच्छाही कोणाला नव्हती.

ह्या बोर्डिंगांची जन्मकथा समजून घेण्यासारखी आहे. शाहू महाराज गादीवर आले त्यानंतर थोड्याच वर्षांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कोल्हापूर संस्थानावर दुष्काळ आणि प्लेग अशी दोन संकटे पाठोपाठ आली. रयतेची दैना त्या तरुण राजाने जवळून पाहिली. आपली रयत शिकल्याशिवाय सावरणार नाही, हे त्याने ओळखले. पण खेड्यांतून शिकावयास आलेली मुले शहरात राहणार कोठे? त्या काळी एका जातीच्या मुलास दुसऱ्या जातीच्या घरी थारा मिळत नसे. तेव्हा महाराजांनी प्रत्येक समाजाला जागा आणि पैसा देऊन स्वतःचे वसतिगृह काढावयास उत्तेजन दिले. सन १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, १९१५ मध्ये ख्रिस्ती, अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. नावे निरनिराळ्या समाजांची, पण हेतू एकच: रयतेचे एकही मूल निवाऱ्यावाचून शिक्षणास मुकू नये. शंभराहून अधिक वर्षांनंतर महापुराच्या रात्री त्याच आवारात आबालवृद्धांना निवारा मिळाला, तेव्हा महाराजांचा तो हेतू जणू आणखी एक पाऊल पुढे गेला.

आता पंचगंगेच्या काठाकाठाने खाली शिरोळ तालुक्यात जाऊ. नरसोबाची वाडी हे दत्तभक्तांचे मोठे क्षेत्र. तेथील मंदिर ऐन नदीकाठी आहे. दरवर्षी पावसाळ्यात नदीचे पाणी एका दाराने मंदिरात येते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. भाविक त्यालाच 'दक्षिणद्वार सोहळा' म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी दुरून येतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती उंचावरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. येथे देवालाही पुरात घर बदलावे लागते. मग घर बदलावे लागलेल्या माणसाचे दुःख तेथील लोकांस कळल्यावाचून कसे राहील? वाडीच्या जवळच कुरुंदवाड हे गाव आहे. तेथे अनेक वर्षांची एक सुंदर रीत आहे. गणेशोत्सवात गावातील पाच मशिदींमध्ये गणपतीची स्थापना होते, आणि हिंदू-मुसलमान दोघेही मिळून उत्सवाची व्यवस्था पाहतात. सन २०१९ मध्ये वाडी, कुरुंदवाड आणि आसपासची कितीतरी गावे पाण्याने वेढली गेली. लोकांना जयसिंगपूर, शिरोळ अशा ठिकाणच्या छावण्यांत हलवावे लागले. ज्या गावाने देवाला एकत्र बसविले, त्या गावातील माणसांना छावणीत एकत्र बसणे नव्याने शिकावे लागले नाही.

त्या वर्षीचा ऑगस्ट महिना सणांचा होता. ५ तारखेस नागपंचमी झाली, ती पुराच्या भयात. १२ ऑगस्ट रोजी सोमवार होता. श्रावण सुरू असल्याने हिंदूंचा तो श्रावणी सोमवार, आणि त्याच दिवशी मुसलमानांची बकरी ईद. एरवी ह्या दिवशी एकीकडे शिवमंदिरांत गर्दी व्हावयाची, दुसरीकडे ईदगाहावर नमाज होऊन घरोघर मेजवानी व्हावयाची. पण शेजारी पाण्यात असताना आपल्या घरी सण कसा गोड लागेल? कोल्हापूर आणि सांगली भागातील अनेक मुस्लिम कुटुंबांनी ईद साधेपणाने साजरी केली आणि सणाचा पैसा पूरग्रस्तांच्या मदतीस दिला. तीनच दिवसांनी, १५ ऑगस्ट रोजी, स्वातंत्र्यदिन आणि राखी पौर्णिमा एकाच दिवशी आली. आपले प्राण वाचविणाऱ्या जवानांच्या मनगटांवर पूरग्रस्त भगिनींनी राख्या बांधल्या. त्या जवानांचे नाव, गाव वा धर्म त्यांना कोठे ठाऊक होता? संकटात धावून आला तो भाऊ, एवढेच त्यांना ठाऊक होते.

पुढे गणेशोत्सव आला. कोल्हापुरातील शाहूपुरी आणि बापट कॅम्प येथील कुंभारवाड्यांत चार महिन्यांच्या श्रमाने घडविलेल्या हजारो गणेशमूर्ती महापुरात भिजून मातीला मिळाल्या होत्या. कुंभारांचे वर्षाचे उत्पन्न बुडाले होते. अशा वेळी राज्यातील अनेक गणेश मंडळांनी रोषणाई आणि मिरवणुकीचा थाट कमी केला आणि वाचलेला पैसा पूरग्रस्तांकडे वळविला. त्या वर्षी २ सप्टेंबर रोजी गणेशचतुर्थी होती आणि मोहरमचा दहावा दिवस १० सप्टेंबर रोजी, म्हणजे गणेशोत्सवातच आला. चांद्रवर्षाच्या हिशेबाने हा योग तीस-बत्तीस वर्षांनी जुळून येतो. कोल्हापूरच्या जुन्या तालमींत अशा वेळी एकाच मांडवात गणपती आणि पंजे बसतात. महापुरानंतर अवघ्या महिन्याने हे दृश्य पुन्हा दिसले.

आता एक प्रश्न तुमच्या मनात येईल. निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना एकाच रीतीने वागण्याची बुद्धी कशी झाली? ह्याचे उत्तर त्यांच्या धर्मांतच आहे. हिंदू परंपरेत अन्नदानाला श्रेष्ठ दान मानले आहे. म्हणून मोठ्या देवस्थानांत अन्नछत्रे चालतात. इस्लाममध्ये 'जकात' हे ऐपतदार माणसाचे कर्तव्य आहे. वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा भाग गरजूंना द्यावा, अशी त्यात आज्ञा आहे. जैन धर्माने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. महापुरात ह्या चारही दानांची किती गरज पडते, ते पाहा: उपाशी माणसाला अन्न, तापाने फणफणलेल्याला औषध, भांबावलेल्याला योग्य माहिती आणि घाबरलेल्याला अभय! लिंगायत परंपरेत बसवेश्वरांच्या काळापासून 'कायक' आणि 'दासोह' हे दोन शब्द जोडीने येतात. कष्ट करून मिळवावे आणि मिळविलेले समाजाला वाटून द्यावे, असा त्यांचा अर्थ. शिखांच्या गुरुद्वारात लंगर चालतो. तेथे राजा आणि रंक एका ओळीत जमिनीवर बसून जेवतात. बौद्धांच्या दहा पारमितांत पहिली दानपारमिता आहे. ख्रिस्ती धर्मात शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची आज्ञा आहे. शब्द वेगळे, भाषा वेगळ्या. पण भुकेल्याच्या पानात पडणारी भाकरी एकच.

श्रद्धेबरोबर व्यवहाराचाही येथे मोठा भाग आहे. देवळे, मठ, मशिदी बहुधा उंच जोत्यावर आणि भक्कम बांधलेल्या असतात. उत्सवांमुळे त्यांच्याकडे शेकडो माणसांचा स्वयंपाक होईल अशी भांडी असतात, सतरंज्या असतात, पाण्याच्या टाक्या असतात. हाक मारण्यासाठी ध्वनिक्षेपक असतो. महाप्रसाद आणि ईदची गर्दी सांभाळून तेथील कार्यकर्त्यांना रांग कशी लावावी, वाढप कसे करावे, ह्याचा सराव झालेला असतो. ह्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना आपली गल्ली ठाऊक असते. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कोणत्या घरात आठवड्याचे बाळ आहे, कोणाचा मुलगा परगावी आहे, हे त्यांना विचारावे लागत नाही. बाहेरून आलेल्या जवानाला गल्ली दाखविणारा माणूस लागतो. तो माणूस हाच.

अशी उदाहरणे केवळ कोल्हापुरातच घडली असे नाही. ज्या आठवड्यात पंचगंगा दुथडी फोडून वाहत होती, त्याच आठवड्यात केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कवलप्पारा येथे डोंगराचा कडा कोसळून वस्तीच्या वस्ती गाडली गेली. मृतांची वैद्यकीय तपासणी करण्यास जवळपास जागा नव्हती. तेव्हा पोथुकल्ल येथील मशिदीच्या विश्वस्तांनी आपले प्रार्थनागृहच त्या कामासाठी मोकळे करून दिले. मुले ज्या बाकांवर बसून शिकत, ती बाके जोडून तपासणीची टेबले केली गेली. तेथे आलेल्या मृतांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सर्व होते. शुक्रवारचा नमाज लोकांनी जवळच्या बसस्थानकावर पढला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ च्या महापुरात, त्रिशूर जिल्ह्यातील माळा ह्या गावाजवळ मशीद पाण्यात गेली होती. तेव्हा शेजारच्या देवीच्या मंदिराने आपले सभागृह ईदच्या नमाजासाठी उघडून दिले. एकाने आपले पवित्र स्थान दुसऱ्याच्या दुःखासाठी द्यावे आणि दुसऱ्याने आपले स्थान पहिल्याच्या प्रार्थनेसाठी द्यावे, ह्याहून मोठी पूजा कोणती?

मदत करावयाची इच्छा असणे ही चांगली गोष्ट. पण मदत कशी करावी, हेही शिकावे लागते. २०१९ च्या महापुरात साऱ्या महाराष्ट्रातून मदतीचा ओघ सुरू झाला. घरोघरी भाकऱ्या, चपात्या झाल्या. धान्य, पाण्याच्या बाटल्या, चादरी, औषधे येऊ लागली. परंतु त्याबरोबरच फाटक्या-विटक्या कपड्यांचे ढीगही आले. ते कोणी घालीना. शेवटी त्यांचा कचरा उचलण्याचे कामच वाढले. ज्याला आपण घालणार नाही, ते दुसऱ्याला देणे हे दान नव्हे. काही वेळा असेही होते की, हमरस्त्यालगतच्या गावात एकाच दिवशी दहा गाड्या जातात आणि आडबाजूच्या वाडीत एकही पोचत नाही. अशा वेळी आधी चौकशी करणे, एकाने दुसऱ्याला विचारून कामे वाटून घेणे, हाच शहाणपणा. एखादा समाज जेवण देत असेल तर दुसऱ्याने औषधे द्यावी, तिसऱ्याने गुरांचा चारा पाहावा. आणि देणाऱ्याने घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, एवढे अवश्य जपावे. पुरात घर गेलेला माणूस भिकारी झालेला नसतो. कालपर्यंत तोही दुसऱ्याला देत होता आणि उद्या पुन्हा देणार आहे.

पूर ओसरला म्हणजे संकट संपले, असे दुरून पाहणाऱ्यास वाटते. खरे कष्ट तेव्हाच सुरू होतात. घरात गुडघाभर गाळ, भिंतींना ओल, कुजलेल्या धान्याचा दर्प, मेलेली जनावरे, विहिरींत घाण पाणी. रोगराई पसरू नये म्हणून गाळ काढावा लागतो, जमीन धुवावी लागते, जंतुनाशक पूड टाकावी लागते, पाणी उकळून प्यावे लागते. मुलांची दप्तरे, वह्या, पुस्तके, गुणपत्रके लगद्यासारखी झालेली असतात. ह्या कामात टाळ्या नसतात, छायाचित्रे नसतात. खराटा, फावडे आणि घाम एवढेच असते. पहिल्या दिवशी धावून येणारे पुष्कळ असतात. पंधराव्या दिवशी फावडे घेऊन येतो, तो खरा शेजारी.

दोनच वर्षांनी, सन २०२१ च्या जुलै महिन्यात, पंचगंगेला पुन्हा महापूर आला. पाणी पुन्हा ५५ फुटांच्या पलीकडे गेले. ह्या वेळी करोनाची साथही चालू होती. माणसांना एकत्र ठेवावे तर रोगाची भीती आणि न ठेवावे तर पाण्याची! तरीही दारे पुन्हा उघडली, चुली पुन्हा पेटल्या. पहिल्या महापुरात जी ओळख झाली होती, ती दुसऱ्यात कामी आली.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. कारण केवळ गोड तेवढेच सांगणे हा शिक्षकाचा धर्म नव्हे. ह्याच कोल्हापूर शहराने २०२३ च्या जून महिन्यात तणावाचे दिवसही पाहिले. दोन समाजांत तेढ निर्माण झाली, दगडफेक झाली, दुकाने बंद राहिली, पोलिसांचा पहारा बसला. पुरात ज्यांनी एकमेकांना हात दिला, त्यांच्याच गावात असे कसे घडले? कारण उघड आहे. सलोखा ही एकदा बांधून विसरून जाण्याची वस्तू नाही. नदीकाठच्या बांधाची जशी दरवर्षी डागडुजी करावी लागते, तशी सलोख्याचीही करावी लागते. बांधाला बारीकसे भगदाड पडले आणि वेळीच बुजविले नाही, तर पाणी त्यातूनच आत शिरते. अफवा, चेष्टा, संशय ही अशीच भगदाडे आहेत.

ही डागडुजी पूर्वजांनी कशी केली, त्याच्या खुणा कोल्हापुरात जागोजागी आहेत. शहरातील बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणेशाची आकृती कोरलेली आहे. पेठापेठांतील तालमींत सर्व धर्मांची मुले एकाच लाल मातीत जोर-बैठका काढीत आली आहेत. आखाड्यात ज्याच्याशी झोंबी घेतली, त्याच्या खांद्यावर हात टाकून घरी परतावयाचे, हा तालमीचा नियम. अशा रोजच्या सहवासातून जो विश्वास निर्माण होतो, तोच संकटाच्या वेळी उपयोगी पडतो. पुराच्या रात्री अनोळखी माणसाच्या हातात आपले मूल देण्यास आईला धीर लागतो. तो हात ओळखीचा असला, तर धीर आपोआप येतो.

मुलांनो, तुम्ही अजून लहान आहा. नाव वल्हविणे किंवा धान्याची पोती उचलणे हे आज तुमचे काम नव्हे. परंतु शेजारधर्माची तयारी तुम्हांला आजपासूनच करता येईल. आपल्या गल्लीत कोण कोण राहतात, त्यांची नावे काय, त्यांचे सण कोणते, हे जाणून घ्या. ईदला शेजाऱ्याच्या घरचा शिरखुर्मा खा आणि दिवाळीला त्याच्या घरी फराळ पोचवा. वर्गात नव्या आलेल्या मुलाला आपल्या बाकावर जागा द्या. पावसाळ्यात शेजारच्या आजीकडे एकदा डोकावून या. एखाद्या समाजाविषयी कोणी वावगे बोलले, तर ते खरे आहे काय, हे आधी विचारा. खात्री नसेल तर ते पुढे सांगू नका. ही कामे लहान दिसतात. पण बांधही एकेक पाटी माती टाकूनच उभा राहतो.

पंचगंगा दरवर्षी भरून येईल. कधी ती पात्रातच राहील, कधी दाराशी येईल. पाऊस किती पडावा, हे आपल्या हाती नाही. पाणी चढू लागेल तेव्हा आपले दार शेजाऱ्यासाठी उघडे असेल की बंद, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. आणि ते पाणी येण्यापूर्वीच ठरलेले असते.

अभ्यास

१. पंचगंगेला महापूर का येतो, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे का काढविली? महापुरात त्यांचा उपयोग कसा झाला?
३. १२ ऑगस्ट २०१९ ह्या दिवसाचे वैशिष्ट्य सांगा.
४. 'पंधराव्या दिवशी फावडे घेऊन येतो, तो खरा शेजारी' ह्या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
५. सलोख्याला नदीच्या बांधाची उपमा का दिली आहे?
६. तुमच्या गावात पूर, दुष्काळ, आग असे संकट आले असता कोणी कोणास मदत केली, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.